सईची बारावी आणि माझ्या ढगळ जीन्स

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
आज ऑफिसला सईची जीन्स घालून गेले. माझी एकही कमरेवर राहीना आणि बसची वेळ झालेली. सईच म्हणाली, "टेक माइन, आई. बॅगी आहे, तुला होईल." झाली. सतरा वर्षांच्या मुलीची जीन्स शेहेचाळिसाव्या वर्षी आईला होते, वर कौतुकही होतं. शुक्रवारी इथे दुबईत अर्धा दिवस, कॅज्युअल चालतं. रिसेप्शनवरची ग्रेस म्हणाली, "मॅडाम, सो जेन-झी!" घेर एवढा, की आत आणखी एक मेघना मावली असती.
दिवाळीपासून वजन उतरतंय. जेवलं की पोट दुखतं. हे श्रीला सांगायला नको होतं, आता नवरेपणा अंगात आलाय. सोमवारी डॉक्टरकडे जायचंच म्हणतो.

१ डिसेंबर
स्कॅन. मशीनवरची मुलगी आधी खूप बडबडत होती. कुठून आलात, मुलं किती. मग एकदम गप्प झाली. तेव्हाच कळलं.

५ डिसेंबर
मोठ्या आतड्यात गाठ. चांगली नाही.
डॉक्टरीणबाई मल्याळी, माझ्याच वयाच्या. "इमिजिएट सर्जरी, मेघना. बाकी का बाद में देखेंगे." मी विचारलं, मार्चच्या शेवटी केलं तर चालेल का?
"मार्च में क्या है?"
"बेटी के ट्वेल्थ के बोर्ड्स."
त्यांनी पेन खाली ठेवलं. "एग्झाम उसका है ना? आपको तो नहीं देना है." मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, की थांबणं धोक्याचं आहे. श्री खिडकीबाहेर बघत होता.
घरी सई डायनिंग टेबलवर अकाउंट्स घेऊन बसलेली. "व्हॉट डिड द डॉक्टर से?"
अ‍ॅसिडिटी, म्हणाले. इतकं सहज आलं तोंडातून.

७ डिसेंबर
श्रीशी भांडण. कुजबुजत, कारण पलीकडच्या खोलीत सई. बर दुबईच्या या फ्लॅटमध्ये भिंती नावाला आहेत.
"तुला वेड लागलंय, मेघना."
"चारच महिने रे."
"चारच?"
त्याला कसं सांगू. माझ्या बारावीला आजोबा गेले, ते मला शेवटचा पेपर देऊन घरी आल्यावर सांगितलं. तोवर तेरावंही उरकलं होतं. सगळ्या नातेवाइकांनी आईचं कौतुक केलं, पोरीला कळू दिलं नाही हो, म्हणून. आमच्या घरात बारावी म्हणजे अशी. टीव्हीवर चादर, पाहुणे बंद, मरणसुद्धा रांगेत उभं. सईने दोन वर्षं मान वर केलेली नाही. ऐन परीक्षेत आई हॉस्पिटलात? पोर कोलमडेल.
श्री शेवटी हो म्हणाला. मी आवाज खाली आणला की तो नेहमीच हो म्हणतो. आज म्हणायला नको होता, असंही क्षणभर वाटून गेलं.

१४ डिसेंबर, रविवार
सईबरोबर मॉलमध्ये. तिनेच ओढून नेलं. "आई, यू आर फायनली थिन, लेट मी ड्रेस यू."
बॅरल जीन्स हा प्रकार आज कळला. मांडीला फुगीर, घोट्याला आवळलेली, मधे पिंप. आमच्या वेळी अशी पँट शिवून आली असती तर शिंप्याकडे भांडायला गेलो असतो. ती घेतली. शिवाय खाकी कार्गो, गुडघ्यांवर खिसे, मागे खिसे, घोट्याला नाडी. सईने आधी स्वतः घालून बघितली, तिला कमरेत फार सैल. "ही तुझी." एवढे खिसे कशाला, म्हटलं तर, "इट्स अ लुक, आई." मी एकात दुखण्याच्या गोळ्या ठेवल्या, एकात बिस्किटं, एकात रुमाल. बायकांच्या कपड्याला खरे खिसे देण्याची बुद्धी इतक्या वर्षांनी कोणाला तरी सुचली. श्रीने घरी आल्यावर लेबल बघून मनातल्या मनात दिरहमांचे रुपये केले. हल्ली तो कशालाच काही बोलत नाही.
ट्रायल रूममध्ये सईला आत येऊ दिलं नाही. म्हणाले, बाहेर येऊन दाखवते. आरशात बरगड्या.
ढगळ कपड्यांची फॅशन नेमकी याच वर्षी यावी. कोणाला काही दिसत नाही. देवाने सोय केली म्हणायची की थट्टा.
पण दिवस फार छान गेला. किती वर्षांनी सई माझ्याबरोबर चालली, चार पावलं पुढे नाही. हातात हात घालून सरकत्या जिन्यावरून उतरलो. हे मला हवं होतं. हेही थांबण्याचं एक कारण आहे, हे श्रीला सांगितलेलं नाही.

१९ डिसेंबर, शुक्र.
ऑफिसमध्ये पिंप जीन्स. चार जणींनी फोटो काढले. आमचा लेबनीज बॉस म्हणाला, "हबीबी, यू लुक टेन इयर्स यंगर." दुपारी वॉशरूममध्ये बराच वेळ बसून होते.

३ जानेवारी
मीना बाजारात, नेहमीच्या टेलर मास्टरकडे. कार्गो पुन्हा कमरेत घ्यायला.
"मॅडम, पिछले महीने तो दो इंच लिया था."
"और लो."
"और लूँगा तो पीछे के दोनों पॉकेट मिल जाएँगे."
मिल जाने दो, म्हटलं. मिळाले. मागचे दोन्ही खिसे आता एकमेकांना चिकटून बसलेत. वरून लांब कुडता असतो, कोण बघतंय.
येताना खाडीकाठी दोनदा बसावं लागलं. समोर अब्रा, पैलतीराला नेणाऱ्या होड्या, भरून जात होत्या. एरवी मला ते माणसं कोंबणं बघवत नाही, आज त्या सगळ्यांचा हेवा वाटला.

१७ जानेवारी, शनिवार
अनघाकडे हळदीकुंकू, इंटरनॅशनल सिटीत. अनघा म्हणजे माझी कॉलेजपासूनची, पुण्याची. माझ्यामागोमाग दुबईत आली. तिच्यापासून आजवर काही लपवलं नव्हतं.
साडी नेसणार होते. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागला. मग खाकी कार्गो आणि वर खणाचा लांब कुडता. दारातच गलका. "काय दिसतेयस!" "बारीक झालीस गं!" "मेघनाने तर मुलीला मागे टाकलं!" कोणाची तरी सासू पुटपुटली, हळदीकुंकवाला विजार. बाकीच्यांनी तिला गप्प केलं, म्हणाल्या, आता हेच चालतं. प्रत्येकीने मला वळवून वळवून बघितलं.
अनघाने स्वयंपाकघरात गाठलं. "खरं सांग. केटो की ते इंजेक्शन?"
"रात्रीचं जेवण सोडलं."
"बस? एवढंच?"
"एवढंच."
"मीही सोडते मग आजपासून. पण तू तिळगूळ तरी खा."
वडी हातात धरून बसले. कोणी बघत नाहीसं पाहून खिशात टाकली.
न्यायला श्री गाडी घेऊन आला. सिग्नलला थांबलो तेव्हा त्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. हिरवा झाला तरी उचलेना. मागून हॉर्न. "किती दिवस हे नाटक?" म्हणाला. मी म्हटलं, चल, पुढे घे.

२६ जाने.
सकाळपासून उलट्या. सईची प्री-बोर्ड, ती शाळेत, बरं झालं. दुपारी अनघाचा मेसेज : हळदीकुंकवापासून रात्रीचं जेवले नाही, एक किलो उतरलं, थँक्यू गुरुजी. फोन उशीखाली ठेवून रडले.

७ फेब्रुवारी, शनिवार
झालं. सईला कळलं.
बोर्डाआधी एकदा मैत्रिणींबरोबर कॉफीला जाणार होती. मी आडवी होते. तिकडून ओरडली, "आई, मी तुझी खाकी घालतेय हां." मी उठेपर्यंत उशीर झाला. दारात आली ती पँट मांड्यांवर अडकलेली, एका पायावर उड्या मारत, हसत. "आई, इट वोंट गो अप!" कुल्ल्यांच्या वर सरकेना. मग तिचं हसणं थांबलं.
"धिस वॉज टू बिग फॉर मी. इन द शॉप. आय ट्राइड इट."
काढली. उलटी करून बघितली. शिवण बघितली, ते चिकटलेले खिसे बघितले.
"कुडता वर कर."
एरवी दहातले नऊ शब्द इंग्रजी. हे स्वच्छ मराठीत म्हणाली, माझ्या आईच्या आवाजात. मी केला वर.
मग सांगितलं सगळं. श्री येऊन दारात उभा राहिला. ऑपरेशन कधी, विचारलं तिने. म्हटलं, तुझे पेपर झाले की लगेच.
"सो यू वेटेड. फॉर माय बोर्ड्स."
"तुला त्रास नको म्हणून गं."
"तू मला विचारलंस का?"
नाही विचारलं. आमच्याकडे विचारत नाहीत.

८ फेब्रु.
सई दुपारभर बाथरूमचा नळ सोडून आत बसली होती. संध्याकाळी पुस्तक घेऊन माझ्या पलंगावर आली. पान उलटलं नाही. मग म्हणाली, "इफ समथिंग हॅपन्स, मी आयुष्यभर लोकांना काय सांगू? दॅट माय मदर डाइड ऑफ माय ट्वेल्थ?"
श्री ओरडला तिच्यावर, असं अभद्र बोलतात का. मी त्याला थांबवलं.
बरोबर बोलली. मला वाटत होतं तिच्या डोक्यावरचं ओझं मी उचललंय. सगळं तिच्याच डोक्यावर ठेवलंय मी, आणि तेही तिच्या पाठीमागे.

१२ फेब्रु.
तिघं डॉक्टरांकडे. सई शाळेच्या युनिफॉर्ममध्ये, वही घेऊन, सगळे प्रश्न तिनेच विचारले. नवीन स्कॅन. गाठ वाढली आहे, शेजारी कुठेतरी टेकली आहे. किती, ते उघडल्यावरच कळेल. डिसेंबरात केलं असतं तर? हा प्रश्नही सईनेच विचारला. डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अब वो मत सोचो, बेटा."
आधी रक्त चढवायचं. मग ऑपरेशनला २६ची सकाळ मिळते आहे. श्री म्हणाला, "त्या दिवशी हिचा अकाउंट्सचा—"
"टेक इट," सई म्हणाली.
डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी मान डोलावली.

१९ फेब्रु.
रमजान सुरू झालाय, ऑफिस लवकर सुटतं. आज सगळ्यांना सांगून टाकलं. जीन्सचे फोटो काढणाऱ्या चौघी कुठे बघावं ते न कळून टेबलांकडे बघत होत्या. ग्रेस माझी बॅग धरून टॅक्सीपर्यंत आली.
अनघालाही सांगितलं. तासाभरात हजर. चप्पल न काढताच माझ्या पलंगाशी बसली. मग, "मी तुला डाएट विचारत होते गं," एवढंच, आणि ढसाढसा. नंतर उठून खिचडी टाकली, मला चार घास भरवले आणि स्वतः पोटभर जेवली. तिचं ते जेवणं बघून मला किती बरं वाटलं.

२२ फेब्रु.
सईचा पहिला पेपर झाला. कसा गेला, विचारलं तर "ओके." पुढे मी विचारत नाही. ती अभ्यास माझ्याच खोलीत करते. मी डोळे मिटून पडते, तिला वाटतं झोपले. मधेच येऊन माझ्या नाकासमोर हात धरून बघते.
कपाटातल्या त्या सगळ्या पँटी आवराव्या म्हटलं. हात लावला नाही.
भीती वाटते. इथे तरी खोटं कशाला लिहू. तिचं कॉलेज मला बघायचंय. अजून वीस फॅशनी बघायच्यात, हसायचंय त्यांना.

२५ फेब्रुवारी, बुधवार
उद्या. मला साडेसहाला पोचायचंय, आठला आत घेतील. सईचा पेपर साडेदहाला. श्री माझ्याबरोबर, तिला अनघा सोडेल आणि शाळेबाहेर थांबेल. एवढं ठरवून तिघं जेवायला बसलो. म्हणजे ते दोघं जेवले, मला आज फक्त पातळ.
सईने ताटातून मान वर न करता विचारलं, "मी दीडला बाहेर येईन. मला फोन कोण करणार?"
श्री म्हणाला, "मी करीन ना, बेटा. लगेच."
"नाही. आईने करायचा."
श्रीने माझ्याकडे बघितलं. दीड वाजता मी कुठे असेन, शुद्धीवर असेन की नाही, हे त्याला माहीत, मला माहीत, तिलाही माहीत.
"आईनेच करायचा," ती म्हणाली. "मला पेपर कसा गेला ते तिने विचारायचं."
मी हो म्हटलंय.