इंग्रजीतली आई

आई,

तू गेलीस त्याच्या आठव्या दिवशी माझी मुलाखत होती. घरच्यांबद्दल विचारलं, तेव्हा क्लासमध्ये पाठ केलेलं इंग्रजी उत्तरच तोंडातून आलं: वडील शिंपी, आई घर सांभाळते. तू गेलीस हे सांगण्याइतकं इंग्रजी मला येत नव्हतं.

नोकरी लागली. कंपनीच्या परदेशातल्या मॅडम तेव्हापासून फोनवर विचारतात, "आई बरी आहे ना?" मी म्हणते, "बरी आहे."

वीस वर्षांत त्यांची भाषा आली, त्यांची थट्टा कळायला लागली, दुःख झाकायची रीतही. काल त्यांची आई गेली. मी इंग्रजीत नीट धीर दिला. त्या म्हणाल्या, "तुझी आहे तोवर भेटून घे."

खरं सांगायला आता सगळे शब्द आहेत माझ्याकडे. पण इंग्रजीतूनही तुला घालवणं माझ्याने होईना.

"हो, शनिवारी जाते," म्हणाले.

तुझी,
धाकटी