गोड गजर

४ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमची बेकरी आणि मामीचा गुडघा दोन्ही नीट चालत असतील. माझं मात्र काही खरं नाही. राजीनामा द्यावा म्हणतेय.

आमच्या घड्याळांच्या कारखान्यात नवा गजर ठरतोय. टीम म्हणते, कर्कश घंटा नको, माणसाला गोंजारत उठवावं. म्हणून मंद बासरी आणि मागे पाण्याची खळखळ. मी बैठकीत म्हटलं, याने माणूस उठणार नाही, कूस बदलून झोपेल. ते सहाजण एकीकडे, मी एकटी. साहेब हसून म्हणाले, की सगळ्यांना आवडतंय, तुलाच कसं खुपतं? माझं डोकं सटकलं. मग अंगाईच का लावत नाही, असं विचारलं. त्यांनी ते लिहून घेतलं!

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत मी दिसेल त्याला धरून हेच सांगते. आता मला पाहिलं, की लोक डबा उचलून पलीकडच्या टेबलावर जातात. तुम्ही स्वतःच्या हिमतीवर उभे राहिलात. तुम्हीच सांगा, अशा लोकांत टिकायचं कसं?

मामीला नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नका, इथे तिचा तुटवडा आहे.

तुमची,
तिखट

—

९ मार्च

चि. तिखटाबाईस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा कुरकुरतो, बेकरी चालते. उलटं असतं तर काळजी होती.

राजीनाम्याची घाई नको. मी दुसऱ्याच्या भट्टीवर राबत होतो तेव्हा तिथे एक भला कारागीर होता. मालक मीठ कमी घालतो, म्हणून दिवसभर पुटपुटायचा. मीठ खरंच कमी होतं. पण पुटपुटणं कुणी ऐकत नाही, ते नुसतं टोचतं. शेवटी मीठ तेवढंच राहिलं, तो गेला.

तेव्हा एकदाच बोल, बैठकीतच बोल, टोमणा न मारता बोल. नुसतं चालणार नाही म्हणू नकोस, चालतं की नाही हे कसं कळेल ते सांग. तरीही त्यांचं तेच ठरलं, तर ते घड्याळ स्वतःचं समजून बनव. डब्याच्या टेबलावर मात्र ब्र काढायचा नाही. हरलेली बैठक तिथे पुन्हा भरवली, की माणूस खरा असूनही नकोसा होतो.

माझ्याकडे हा घोळच नाही. बेकरीत सगळं एकमताने ठरतं. मामी हे वाचून म्हणाली, की पगार वाटणाऱ्या हाताशी वाद कोण घालेल? तिचं सोडून दे.

लोभ गरम आहे तोवर उत्तर धाड.

तुझा मामा

—

१९ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं. बैठकीत एकदाच, अगदी लोण्यासारख्या आवाजात म्हटलं, की आपण सगळेच हे घड्याळ घरी नेऊ आणि सोमवारी त्याच्या गजरावर उठून येऊ. सगळे वेळेवर आले तर माझं तोंड बंद.

सोमवारी खोलीत मी एकटीच. मलाही शेजारचं बाळ रडलं म्हणून जाग आली. मग एकेक जण उगवला. कुणी न विंचरता, कुणी दोन पायांत दोन तऱ्हेचे मोजे घालून. साहेबांच्या शर्टाची बटणं भलत्याच काजांत. मी ओठ शिवून बसले, मामा, शप्पथ. वाटलं, आता घंटा परत येणार. साहेब जांभई आवरत म्हणाले, की लग्न झाल्यापासून इतकी गाढ झोप लागली नव्हती. झालं! घड्याळ तेच ठेवायचं, फक्त खोक्यावर छापायचं, 'सुट्टीच्या दिवसासाठी'. हातोहात खपतंय.

पण माझं वागणं साहेबांना पटलं. म्हणाले, टीमला इतकं सभ्यपणे 'नाही' म्हणणारं माणूस हवंच. तशी रीतसर नेमणूक झाली. आता प्रत्येक निर्णयाआधी सगळे माझ्याकडे वळतात. मी विरोध करते. ते 'वा' म्हणून मान डोलावतात आणि ठरलेलंच करतात.

काल तबकडीचा नवा निळा रंग दाखवला. मला मनापासून आवडला, तसं म्हटलं. साहेबांनी बाजूला घेऊन विचारलं, की हल्ली कामात लक्ष नाही का? महिनाअखेरपर्यंत हरकत द्यायची आहे. राजीनामा द्यावा, तर तीच माझी हरकत समजून टाळ्या वाजवतील आणि मला ठेवून घेतील.

तेव्हा निळ्यात काय खोट काढता येईल, ते उलट टपाली कळवा. रंग फार छान आहे हो.

तुमचा लोभ आहे तसाच राहू द्या, त्याला माझी हरकत नाही.

तुमची,
तिखट