मेडशीची लाइन

माय, आज घरूनच कचेरीचं काम करत होते. पडद्यावरचा एक पोरगा मधेच म्हणाला, ‘होल्ड ऑन, आय ॲम लूझिंग यू.’ मी हेडफोन काढून ठेवला आणि तुला लिहायला बसले.

आपल्या घरात इंग्रजी आलं ते मंगरूळपीरच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून. तू तिथं ऑपरेटर, कॉल जोडायच्या बोर्डावर बसायचीस, मी शाळा सुटली की तुझ्या स्टुलापाशी. संध्याकाळी भाकरी थापता थापता शिकवायचीस, ‘होल्ड ऑन’ म्हणजे लाइनीवर थांबा, ‘नो रिप्लाय’ म्हणजे तिकडं कोनी नाही. मी विचारलं, कोणी नाही, की कोणी बोलत नाही? तू तव्याकडे बघत म्हणालीस, ‘आपल्याले इथून कसं समजन?’

मेडशीच्या पोस्टातल्या मास्तरांचं तोंड तू कधी पाहिलं नव्हतंस. पण ते खोकले की इथून काढा सांगायचीस. एका दुपारी बोर्डावरची मेडशीची झडप पडते, म्हणजे तिकडून कॉल आलाय. तू कॉर्ड खुपसतेस, ऐकतेस, आणि हेडफोन काढून माझ्या कानाशी धरतेस. ‘होल्डिंग, बाई. होल्डिंग.’ थकलेला, शांत आवाज. मागे नुसता वारा.

‘कोन पाह्यजे, मास्तर?’ तू विचारतेस. पुन्हा तेच, ‘होल्डिंग.’

तेवढ्यात डाकेची थैली घेऊन एसटीनं आलेला मेडशीचा माणूस दारात टेकला. ‘बाई, मास्तर गेले ना काल. अन् वादळानं खांब पडले, तवापासून लाइन बंदच हाये.’

मला वाटलं, तू आता कॉर्ड उपटशील. तू हात काढून घेतलास, कॉर्ड तशीच राहू दिलीस. तासाभरानं साहेब आले. ‘बंद लाइनीत कॉर्ड काहून घालून ठेवली? रिपोर्ट करीन.’

‘करा साहेब. मानूस होल्डवर हाये.’

साहेब बोर्डाकडे बघत राहिले. हेडफोन मागितला नाही. निघून गेले.

दिवेलागणीला तू वाकून बोललीस, जणू आजाऱ्याशी. ‘मास्तर, तुमाले ज्याच्याशी बोलाचं होतं, ते आता नाही लागत. तुमी ठेवा. मी हावो इथं.’ मीही हेडफोनला कान लावला. मग पलीकडे रिसीव्हर ठेवल्यासारखा खटका झाला. तेव्हा तू कॉर्ड काढलीस. पुढं लेखी ताकीद आली, ती तू न वाचताच सही करून परत दिलीस.

हे पाठवायला पत्ता नाही. पाकिटही आणलं नाही. एवढंच सांगते. त्यांचा आवाज मी एकदाच ऐकला, तो अजून जसाच्या तसा कानात आहे. तुझा, माय, खूप आठवून पाहते. येत नाही.