लाल डागांच्या माळा

१२ एप्रिल १७८६
बाबांचा ताप उतरेना — आणि कॅप्टन ट्रास्क नेमके आजच दुकानात! मोहिमेचं सगळं सामान आमच्याकडूनच हवं. बंदुकीची दारू, शिसं, पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, किटल्या, घोंगड्या. ओहायो नदीनं खाली आणि मग उत्तरेला, जिथला नकाशा अजून कुणी काढलेला नाही तिथं. वाटेतल्या रेड इंडियन गावांना द्यायला भेटीही हव्यात.

घरात लिहावाचायला शिकलेली मी पहिली. म्हणून बाबा आजारी पडले की दुकान माझ्या गळ्यात.

एनॉक त्यांच्याबरोबर जातोय. सख्ख्या बहिणीला हे गिऱ्हाइकाकडून कळावं! वर म्हणतो, "ताई, तुला अस्वल आणतो. जिवंत हवं की मेलेलं?" म्हटलं, "आधी तू जिवंत ये."

१४ एप्रिल
भेटींसाठी माळा ओवल्या, गावागणिक एक. पांढरे मणी संपलेत; शिंपल्याचे गडद जांभळेच उरलेत. प्रत्येक माळेला आईनं शिकवलेली दुहेरी गाठ मारली. सुटता सुटत नाही.

१५ एप्रिल
मन स्वस्थ नाही.

भेटीतलाच, त्या लोकांचा तोंडाला फासायचा लाल रंग मी वेगळ्या पेटीत भरणार होते. कॅप्टन म्हणाले, "बोटीत जागा कुठाय, बाई? घाला एकत्र!" पेटी हलवताना रंगाची पिशवी उसवली. सगळ्या माळांवर लाल. पुसलं — जाईना. नव्या ओवते म्हटलं तर कॅप्टन हसले. "उलट शोभून दिसतात. त्या लोकांना लाल आवडतोच!"

फार माखलेली एक मी काढून ठेवली. बाबांना विचारायचं होतं. झोपले होते. उठवलं नाही.

१६ एप्रिल
गेले. एनॉकनं वळणापर्यंत टोपी हलवली. धुक्यात आधी तो दिसेनासा झाला, मग टोपी.

२३ एप्रिल
बाबा आज प्रथमच उठून दुकानात आले. खिळ्यावरची ती माळ पाहिली आणि खुर्चीचा हात घट्ट धरला.

"ही कुणी केली?"

"मी. अशाच एनॉकच्या बोटीत आहेत."

माळ खिळ्यावरून उतरवली. तरुणपणी ते इंडियन लोकांच्या सभांना बसलेले आहेत. मग म्हणाले, "पोरी, पांढरी माळ म्हणजे बसून बोलू या. गडद माळ, वर लाल फासलेली — म्हणजे आम्ही कुऱ्हाड उचलली."

"पण एनॉक समजावून सांगेल ना! रंग सांडला म्हणून—"

"माळ हाच शब्द असतो तिथं. माळ देऊन झाल्यावर तोंडानं काय सांगणार?"

बाबांनी लगेच घोडेस्वार पाठवला.

२ मे
घोडेस्वार परतला. बोट कधीच पुढे निघून गेली. "नदीला पूर आहे, मालक. बाणासारखी गेली म्हणतात."

३ मे
बाबांना विचारलं, काहीच उपाय नाही? म्हणाले, "एक आहे, पण तो त्यांच्या हातात. माळ ठेवून घेतली तर लढाई कबूल. नको असेल तर परत करतात. पेटीवर आपल्या दुकानाची खूण आहे. शहाणी माणसं असली तर इथं धाडतील."

शहाणपण त्यांनी दाखवायचं. चूक माझी!

१९ मे
काही नाही.

७ जून
दाराची कडी वाजली की धावते. आज मीठ मागायला शेजारीण आली होती. "एवढी पांढरी का पडलीस गं? मी काय भूत आहे?"

२१ जून
सकाळी दार उघडलं तर कडीला माळ! गाठ माझीच. आणणारा कोण, कुणी पाहिलं नाही. परत केली — नको म्हणाले! बाबा, बाबा म्हणून ओरडत आत पळाले. त्यांनी माळ कपाळाला लावली, रडले. मीही.

मग त्यांनी हळूच विचारलं, "पेटीत किती होत्या?"

बारा.