गोट्याचं निळं जाकीट

दादा,

हे पत्र तुला मिळणार नाही. तुला काही कळवायचं नाही, अशी आईने मला शपथ घातलीय. पण कुणाला तरी सांगितलं नाही, तर माझं डोकं फुटेल.

तू टाकून गेलेला तुझा कुत्रा, गोट्या, आता धीर देणाऱ्या ‘थेरपी डॉग’चं निळं जाकीट घालून माझ्यासोबत हॉस्पिटलात जातो. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले नातेवाईक त्याचे कान चोळतात, हळूहळू बोलायला लागतात, त्यांच्या हातांची थरथर थांबते. मला पैसे मिळत नाहीत, पण त्याचा गुण येतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आम्हा कुत्रे आणणाऱ्या स्वयंसेवकांत एकच कडक नियम आहे: आपलं माणूस आत असेल, तर कुत्रा घेऊन यायचं नाही.

आई नऊ दिवस आत आहे. सह्या मावशी करते. मी आत पाऊलही टाकलं नाही. पूर्वी गुरुवारी यायचे, आता रोज येते, कारण पट्टा हातात असला की मला कुणी नातेवाईक समजत नाही.

आज गोट्या कुणाकडेच जाईना. मी ओढलं, दटावलं, चापटही मारली. तो माझ्याच पायांवर फतकल मारून बसला.

नर्सने विचारलं, "ताई, आत कोण आहे तुमचं?"

"कुणी नाही," मी म्हणाले.

दार उघडं होतं रे. आईची खाट दाराशीच आहे, आणि ती जागी होती.

आता जाकीट काढलंय. नातेवाइकांच्या बाकावर बसलेय. गोट्याचा कान मुठीत आहे, तरी थरथर थांबत नाही.

तुझीच,
चिंगी