चार बोटं वर

अण्णा, द्राक्षबागेतल्या छोट्या ट्रॅक्टरवर चालणारी एक क्रेन मी बनवली आहे. तुम्ही असता तर आधी तिच्याभोवती एक चक्कर मारली असती आणि वेल्डिंगवरून नख फिरवलं असतं. आपल्या रानात आता द्राक्षं आहेत. वेलींच्या दोन ओळींमधून मोठा ट्रॅक्टर जात नाही, म्हणून सूनबाईनं हा छोटा घेतला. जुन्या डंपिंग ट्रॉलीचा जॅक मला भंगारात मिळाला. तो जाड पाइपाच्या खांबाला बसवला, खांबावर गर्डरचा हात जोडला. ट्रॅक्टरमधलं तेल होज पाइपातून जॅकमध्ये गेलं की हात वर जातो. पुढच्या भारानं सगळं कलंडू नये म्हणून मागे दगड भरलेली पेटी ठेवली, आणि दोन्ही बाजूंना जमिनीवर टेकवायला लोखंडी पाय. सांगायला एवढंच आहे, पण करायला फार दिवस लागले, कारण काल केलेलं मी आज पुन्हा तपासत बसायचो. सूनबाई म्हणायची, ‘नाना, त्या नटाला आता कंटाळा आला असंल.’ मी आणखी एकदा पाना फिरवायचो. माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे.

दहावीला नापास झालो तेव्हा तुम्ही मला एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात तुमच्या खलाशांच्या टोळीत घेतलं. अवजड यंत्रं उचलून जागेवर नेऊन बसवायचं काम. तुम्ही खाली उभे आहात, उजवा हात वर, डावा खाकी पँटच्या खिशात. वर क्रेनवाला फक्त तुमच्या हाताकडं बघतो आहे. बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही, हा तुमचा नियम. चारही बाजूंनी माणसं ओरडायला लागली की क्रेनवाल्याचा हात चुकतो, असं तुम्ही म्हणायचे. अंगठा वर केला की मोटर जमिनीपासून चार बोटं सुटते, आणि लगेच तुमची मूठ बंद होते. थांब. मग कितीतरी वेळ काहीच होत नाही. तुम्ही पट्टे बघता, गाठी बघता, मोटर कुठल्या अंगाला झुकते ते बघता. सायबाची घाई असली तरी तुमची मूठ उघडत नाही. तुमच्या त्या खिशातल्या हातामुळं टोळीतले तुम्हाला साहेब म्हणायचे. ‘चला, साहेब आले खिशात हात घालून.’ तुम्ही हसायचे, पण हात बाहेर काढायचे नाहीत. मला तो रुबाब फार आवडायचा. घरी आरशासमोर मी तसा उभा राहून बघायचो, पण माझ्या अंगावर तो बसायचा नाही.

मी मात्र सतत विचारत राहायचो. पट्टा घासला तर, हूक उघडला तर, वारा आला तर. एकदा टोळीतला एक जण वैतागून म्हणाला, ‘अरे, पोटातून बाहेर येतानाबी इचारूनच आला का तू?’ सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. ‘इचारू द्या त्याला,’ म्हणालात, ‘टोळीत एक तरी इचारणारा पाहिजे.’ मला कामावरून काढून टाकतील या भीतीनं मी रात्ररात्र जागत होतो. त्या एका वाक्यावर मी पुढची सगळी नोकरी केली.

आता खरी गोष्ट सांगतो. परवा शेजारणीची म्हैस विहिरीत पडली. गाभण, दिवस भरत आलेले. विहिरीला पायऱ्या नाहीत, पाणी काठाच्या थोडंच खाली, आणि म्हैस पोहून दमलेली, नुसत्या नाकपुड्या वर. मोठी क्रेन बागेच्या तारांमधून आत येईना. शेजारीण पळत आमच्याकडं आली. ‘नाना, तुमचं ते यंत्र आणा. लय येळ नाय तिच्याकडं.’ मी म्हणालो, अजून या क्रेननं पाण्याच्या टाकीपेक्षा जड काही उचललेलं नाही. सूनबाईनं तोवर ट्रॅक्टर चालूही केला होता.

शेजारणीच्या दिरानं पाण्यात उतरून म्हशीच्या पोटाखालून दोन पट्टे घेतले. काठावर सगळी वाडी जमलेली, जो तो सांगतोय. मी म्हणालो, सूनबाईनं फक्त माझा हात बघायचा, बाकी कुणी बोलायचं नाही. अंगठा वर केला. म्हशीची पाठ पाण्याबाहेर चार बोटं आली आणि मी मूठ बंद केली.

‘अहो ओढा की,’ एक जण ओरडला, ‘जनावर मरंल!’

‘म्हातारा घाबरला,’ दुसरा म्हणाला.

शेजारीण रडायला लागली. मी मूठ उघडली नाही. मागचा पट्टा बोटबोट सरकत कासेकडं चालला होता. आणखी उचलली असती तर म्हैस पुढच्या एका पट्ट्यावर लटकली असती, आणि सगळा भार पोटावर आला असता. खाली घ्यायची खूण केली. दिरानं पट्टा पुन्हा सारून दोन्ही पट्टे दोरीनं एकमेकांना बांधले. परत चार बोटं, परत मूठ. या वेळी काही हललं नाही. मग सूनबाईनं लिव्हर पूर्ण दाबला, म्हैस पाणी निथळत वर आली, चौघांनी क्रेनचा हात बाजूला फिरवला आणि ती गवतावर टेकली. थोडा वेळ पडून राहिली, मग उठली आणि शेजारणीचा पदर चघळायला लागली.

म्हैस काल व्यायली. आज सूनबाई खरवस वाढताना म्हणाली, ‘नाना, समदे ओरडत व्हते आन् तुम्ही खिशात हात घालून उभे, एकदम सायबावानी.’ मी खाली बघून खात राहिलो, आणि जेवण झाल्यावर हे लिहायला बसलो.

हा कागद कुठं पाठवायचा नाही. घडी करून क्रेनच्या मागच्या पेटीत, दगडांच्या खाली सारून देईन. तुमचा डावा हात नेहमी खिशात का असायचा, हे एवढं विचारणाऱ्या मला कधी विचारावंसं वाटलं नाही. माझा परवा थरथरत होता, अण्णा. सूनबाईला दिसू नये म्हणून आत घातला होता.