कमरेला हार्लनचं पिस्तूल

ब्रूक्सफेरी, मिझुरी
३ नोव्हेंबर २०११

प्रिय ओपल,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मी बरी आहे, गुडघे सोडले तर. गुडघ्यांची तक्रार ऐकायला इथं माझ्या आंधळ्या कुत्र्याशिवाय, डस्टीशिवाय, कुणी नाही, म्हणून तुला सांगते. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर आपण दोघी बहिणी तिसऱ्या वाक्याला भांडतो. पत्रात निदान तू मध्ये बोलत नाहीस.

इकडे थंडी पडली. पेकानचं झाड खारींनी लुटलं, तरी दाण्यांच्या दोन बरण्या भरल्या. एक तुझी. डस्टीला आता समोरची खुर्ची दिसत नाही, पण बिस्किटाचा डबा उघडला की अंगणातून बरोबर येतो.

पंधरा तारखेला तुझं ऑपरेशन, तेव्हा मी येऊन आठवडाभर राहावं असं लिहिलंयस. छातीतली गाठ काढायची म्हणजे आपलं माणूस जवळ हवंच, त्यात काही चूक नाही. पण माझ्या गाडीचे टायर झिजलेत. तुझ्याकडे येतानाच्या पुलावर या दिवसांत वारा असतो. शिवाय डस्टीला कोण बघणार? तू म्हणशील, नाचता येईना अंगण वाकडं. म्हण बाई.

चर्चची गंमत सांगायची राहिली. आमच्या कायद्यात पिस्तूल घेऊन चर्चमध्ये जायचं तर पास्टरची संमती लागते. पिस्तुलाचा परवाना मिळाल्यावर मी पास्टर गेट्झना सरळच विचारलं. त्यांनी वडीलधाऱ्यांची बैठक बोलावली. कॉफी झाली, अख्खा ॲपल पाय खाऊन संपला, आणि ठरलं की नेडीनने पिस्तूल खुशाल आणावं, पण बसायचं शेवटच्या रांगेत, दाराजवळ. मी म्हटलं, "पास्टर, मी प्रार्थनेला येते की पहाऱ्याला?" ते म्हणाले, "दोन्ही कामं होत असतील तर देवाची काय हरकत आहे, नेडीन?"

लग्न झाल्यापासून हार्लन आणि मी तिसऱ्या रांगेत बसायचो. आता मी दाराशी बसते. माझ्या रांगेत कुणीच बसत नाही. कुणी वाईट बोललं असं नाही, सगळे लांबूनच हसतात आणि पुढे जातात. फटीतून गार वारा पाठीवर येतो. गेले दोन रविवार मी गेलेच नाही.

डोरीनकडे केस कापायला जाणंही बंद झालं. तिने काचेवर पिस्तुलाला मनाईची पाटी लावलीय, कायद्यात बसेल एवढी मोठी. म्हणते, "तुझ्यासाठी नाही लावली गं." मग कुणासाठी? गावात कमरेला पिस्तूल लावून केस सेट करायला येणारी दुसरी कोण आहे? वाचनालयात तशीच पाटी. हॉस्पिटलात बंदी, म्हणून गुडघे तसेच. पोस्टाचं तर अंगणही वर्ज्य. गाडीत ठेवून आत जावं, तर तेही चालत नाही. म्हणून पत्रं फाटकाजवळच्या पेटीत ठेवते, पोस्टमन घेऊन जातो. पूर्वी पोस्टातल्या मर्नाच्या खिडकीशी उभं राहून गावभरच्या गप्पा व्हायच्या. वर्ष होत आलं तिला भेटून. आणि तुमच्या इलिनॉयमध्ये असला परवाना कुणालाच मिळत नाही. पुलापलीकडे माझं कार्ड म्हणजे नुसता माझा वाईट फोटो.

शेरीफच्या कचेरीत ते कार्ड घेतलं तेव्हा वाटलं होतं, आता कुठंही एकटीने जाईन. झालं उलटंच. जायच्या जागाच संपत आल्या.

टायरचं मी उगाच लिहिलं. टायर उन्हाळ्यातच बदललेत.

ईस्टरला तू इथं आलीस, दारातच मिठी मारलीस, तुझा हात माझ्या कमरेवर आपटला आणि तू मागे सरकलीस. "घरात हे कशाला, नेडीन? भितेस तरी कुणाला?" असं विचारलंस. मी चोरांचं नाव सांगितलं. माझ्या घरून चोर काय नेणार? डस्टी? मी चोरांना भीत नाही, ओपल. हे पिस्तूल हार्लन शेतावर रोज लावायचा, सापांसाठी म्हणून. पिस्तुलाच्या पट्ट्याचं चामडं त्याच्या अंगाच्या वळणाने वाकलंय. तो गेल्यावर कपडे देऊन टाकले, बूट दिले, हे एवढं देववलं नाही. ते लावलं की कुणीतरी बाजूला टेकून उभं आहे असं वाटतं. काढून ठेवलं की घर इतकं मोठं होतं की स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जायचीसुद्धा भीती वाटते. आता हसलीस तरी चालेल, पण कुणाला सांगू नकोस.

हे पत्र असंच पेटीत टाकावं की फाडावं, कळत नाही. उद्या बघू.

४ नोव्हेंबर

पुढचं पोस्टात लिहितेय, भिंतीकडच्या टेबलाशी उभी राहून, साखळीला बांधलेल्या पेनने. अक्षर वाकडं आहे ते त्यामुळे.

सकाळी पिस्तुलातल्या गोळ्या काढल्या आणि ते हार्लनच्या कपाटात कुलूप लावून ठेवलं. गाडी काढली, फाटकापर्यंत गेले, परत आले, कपाटासमोर उभी राहिले. मग पुन्हा गेले. वाटेत हात सारखा कमरेकडे जात होता. हार्लन गेला त्या आठवड्यात रात्री असाच हात त्याच्या बाजूला जायचा.

मर्नाने मला पाहिलं आणि खिडकी सोडून बाहेरच आली. म्हणाली, "मला वाटलं, तू गाव सोडलंस." मी म्हटलं, जवळजवळ सोडलंच होतं. डस्टीला ती नेणार आहे, मी विचारायच्या आधीच म्हणाली.

मी चौदा तारखेला दुपारी निघते. भीती गेलेली नाही, पूलही तेवढाच लांब आहे. दार उघडलंस की मला नीट मिठी मार, कमरेला हात घालून, घट्ट. या वेळी हाताला काही लागणार नाही. माझी हाडं लागतील तेवढीच.

एकटीच येतेय,
तुझी नेडीन